दुरुस्तीचीही तपासणी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावेत म्हणून चिटणीसबाई माझ्याकडे आल्या, तेव्हा विषय मीच ठरवावा असे त्या मोठ्या मनाने म्हणाल्या. मी ‘विजेच्या गाड्या आणि सरकारी चौकशा’ असा विषय सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा थोडा उतरला. त्यांना बहुधा वाटले होते की, मी नेहमीसारखी पालेभाज्यांतल्या लोहावर बोलेन. पण मघाशी मी विचारले, कोणाकोणाच्या घरी विजेवर चालणारी दुचाकी किंवा मोटार आहे, तेव्हा पहिल्या दोन रांगांतच अर्धा डझन हात वर झाले. बाकीच्यांच्या इमारतीखाली ती उभी आहेच. म्हणजे हा विषय आपल्या उंबरठ्याच्या आत आलेला आहे.

विजेच्या गाडीच्या विरोधात मी बोलणार नाही, हे आधीच सांगते. धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलच्या रांगेत उभे राहणे नाही. शिकवणीला जाणाऱ्या मुलींना आणि नोकरी करणाऱ्या सुनांना तिच्यामुळे केवढी सोय झाली आहे! आणि पेट्रोलच्या गाड्या काय पेटत नाहीत? मला बोलायचे आहे ते एका निराळ्याच गोष्टीविषयी. गाडीत दोष निघाला, कारखानदाराने ती परत बोलावली, दुरुस्त करून दिली. येथपर्यंत वर्तमानपत्रात बातमी येते. पण ती दुरुस्ती खरीच झाली का, हे कोण बघतो?

विकलेल्या गाडीत धोक्याचा दोष आढळला तर कारखानदाराने मालकांना कळवून, गाडी आणवून, फुकट दुरुस्त करून द्यायची, याला ‘रिकॉल’ म्हणतात. अमेरिकेत १९६६ सालच्या कायद्यापासून ही पद्धत पक्की झाली. तेथील केंद्र सरकारचे रस्ता-वाहतूक सुरक्षिततेचे एक खाते आहे, त्याला एनएचटीएसए म्हणतात. या खात्याच्या चौकश्यांचे निरनिराळे प्रकार आहेत, त्यांतला एक मला फार आवडतो. गाडी परत बोलावून झाली, दुरुस्ती झाली, आणि तरीही तक्रारी येत राहिल्या, तर खाते नवे प्रकरण उघडते, आणि त्यात प्रश्न एवढाच असतो की, केलेला उपाय पुरेसा होता का, आणि ज्या गाड्या बोलवायला हव्या होत्या त्या सगळ्या बोलावल्या का. शास्त्राची शिक्षिका म्हणून मी इतकी वर्षे वह्या तपासल्या, म्हणून असेल, पण ‘दुरुस्ती’ म्हणून परत आलेली वही पुन्हा उघडून बघणारा मास्तर मला नेहमीच जास्त खरा वाटत आला आहे.

आता एक हकिकत सांगते, ती दक्षिण कोरियातली. त्या देशात देगू नावाचे मोठे शहर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तेथे एका रहिवासी इमारतीच्या तळघरात उभी असलेली ह्युंदाई कंपनीची ‘कोना’ नावाची विजेची मोटार पेटली. ही काही पहिली नव्हती. २०१८ मध्ये ती मोटार बाजारात आल्यापासून कोरियात आणि परदेशांतही अशा आगी लागल्या होत्या. कॅनडात मॉन्ट्रियलला तर २०१९ च्या जुलैत नुसती उभी असलेली, तारेलाही न जोडलेली कोना गॅरेजात पेटली आणि स्फोटाने गॅरेजचे दार उडाले. देगूच्या आगीनंतर कोरियात २५,५६४ गाड्या परत बोलावल्या गेल्या. उपाय काय केला? तर बॅटरीवर पहारा ठेवणारी जी संगणकीय यंत्रणा असते, तिला ‘बीएमएस’ म्हणतात, तिचा कार्यक्रम नवा घातला. त्या यंत्रणेला काही वावगे आढळले तर बॅटरी बदलायची, नाहीतर गाडी घरी न्यायची.

लोकांनी सांगितल्याप्रमाणे केले. आणि जानेवारी २०२१ मध्ये, त्याच देगू शहरात, आणखी एक कोना पेटली. ही गाडी बोलावणे आल्यावर नेऊन दुरुस्त करून आणलेली होती!

भगिनींनो, त्या गाडीच्या मालकाच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. ज्याने पत्राकडे दुर्लक्ष केले त्याला आपण चार शब्द सुनावू. पण पत्र आले, त्याप्रमाणे गाडी नेली, दिवस मोडला, ‘झाले काम’ असे ऐकून निश्चिंत मनाने घरी आला, त्याला काय सांगणार? त्याच्या मनातली भीती त्या पत्राने काढून टाकली होती. धोका मात्र गाडीतच राहिला होता. दोष माहीत नसलेल्या माणसापेक्षा दोष गेला असे समजणारा माणूस अधिक बेसावध असतो. तो रात्री गाडी चार्जिंगला लावून खुशाल झोपतो.

त्या देशाच्या वाहतूक मंत्रालयाने मग तीच चौकशी सुरू केली: आधीचे परत बोलावणे पुरेसे होते का? दुरुस्तीच्या वेळी बदलून घेतलेल्या बॅटऱ्या मंत्रालयाच्या संशोधन संस्थेने उकलून पाहिल्या. चीनमधील नानजिंग येथल्या एलजीच्या कारखान्यात तयार झालेल्या काही सेलमध्ये ऋण बाजूची एक लहानशी धातूची पट्टी दुमडलेली आढळली.

येथे थोडे शास्त्र सांगायला हवे; कंटाळू नका. मोटारीची बॅटरी म्हणजे एक मोठा डबा, आणि त्यात शेकड्यांनी लहान सेल. प्रत्येक सेलमध्ये पातळ पत्र्यासारखे दोन थर, एक धन, एक ऋण, आणि मध्ये कागदापेक्षाही पातळ असा पडदा. या पडद्याचे काम एवढेच की, दोघांनी एकमेकांना शिवू नये. चार्जिंग करताना लिथियमचे कण एका बाजूकडून पडद्यातून दुसरीकडे जातात आणि तेथे मावून बसतात. वीज आतबाहेर नेण्यासाठी थराला एक छोटी जीभ काढलेली असते, तिला ‘टॅब’ म्हणतात. ही जीभ नीट सपाट बसायला हवी. निरी घालताना एखादी घडी आत दुमडली तर साडी फार तर बोंगा धरते. येथे टॅब दुमडली तर त्या ठिकाणी लिथियम सरळ आत मावण्याऐवजी वर साचू लागते, साचता साचता वाढते, आणि एखाद्या दिवशी पडदा ओलांडून पलीकडच्या थराला जाऊन भिडते. भिडले की आतल्या आत शॉर्ट. एक सेल तापला की शेजारचा तापतो, त्याच्या शेजारचा तापतो, आणि मग ती आग विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते.

आता सांगा, दुमडलेली पट्टी नवा संगणकीय कार्यक्रम घालून सपाट होईल का?

एलजी कंपनीचे म्हणणे निराळे होते, तेही सांगितले पाहिजे. सेल दुमडलेला ठेवून प्रयोग केला तेव्हा आग लागली नाही, म्हणून हेच आगीचे कारण असे म्हणता येणार नाही, असे ती म्हणाली. शिवाय चार्जिंगच्या कार्यक्रमाबाबत तिने मोटार कंपनीकडे बोट दाखवले. दोघींचे असे चालू असताना सरकार वाट बघत बसले नाही, हे महत्त्वाचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ह्युंदाईने जगभरच्या सुमारे ८२,००० गाड्या, त्यांत कोनाबरोबर आणखी एक मोटार आणि काही बसगाड्याही होत्या, पुन्हा परत बोलावल्या. या वेळी बॅटरीच बदलायची. खर्चाचा अंदाज एक लाख कोटी वॉन. कोरियाचा वॉन आपल्या रुपयाहून पुष्कळ लहान आहे, तरी रक्कम अफाटच. चार महिन्यांपूर्वी कार्यक्रम बदलून का भागवले होते, याचे उत्तर त्या आकड्यात आहे असे मला वाटते. आपण शिलाईची टीप उसवली तर आधी सेफ्टी पिन लावून बघतो. फरक एवढाच की, सेफ्टी पिन लावून कोणी ‘नवी टीप घातली’ म्हणून सांगत नाही.

अमेरिकेत जवळजवळ हेच झाले, आणि तेही त्याच एलजी कंपनीच्या सेलमुळे. जनरल मोटर्सची ‘शेव्हरोले बोल्ट’ ही मोटार. ऑक्टोबर २०२० मध्ये तीन आगींच्या तक्रारींवरून सरकारी खात्याने चौकशी सुरू केली, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने २०१७ ते २०१९ सालच्या ६८,००० हून जास्त गाड्या परत बोलावल्या. पहिला उपाय असा की, बॅटरी ९० टक्क्यांवर भरूच द्यायची नाही. भरलेल्या बॅटरीत धोका अधिक, म्हणून तात्पुरता उपाय म्हणून ते चुकीचे नव्हते. पण माठाला तडा असल्याचा संशय आला, तर तो चार बोटे रिकामा ठेवून किती दिवस वापरणार? २०२१ च्या वसंतात कंपनीने कायमचा उपाय म्हणून तपासणी आणि नवा कार्यक्रम दिला. त्यानंतर, जुलैत, हा उपाय करून घेतलेल्या दोन गाड्या पेटल्या. त्यांतली एक व्हरमाँट राज्यात, घरासमोर चार्जिंगला लावलेली. कंपनीने मालकांना कळवले, गाडी घरात उभी करू नका, रात्री लावून झोपू नका. पुढे सप्टेंबरात तर इतर गाड्यांपासून ५० फूट लांब उभी करा असाही सल्ला दिला. आपल्या इमारतीखाली ५० फूट मोकळी जागा कुठे सापडते का ते जरा बघा, म्हणजे हा सल्ला ऐकणाऱ्याची काय स्थिती झाली असेल ते कळेल!

शेवटी एकाच सेलमध्ये दोन दोष आढळले: टॅब फाटलेली आणि पडदा दुमडलेला. ऑगस्ट २०२१ मध्ये बोलावणे सगळ्या बोल्ट गाड्यांपर्यंत वाढवले, म्हणजे एकूण सुमारे १ लाख ४२ हजार. त्याच वर्षी ऑक्टोबरात एलजीने १९० कोटी डॉलरपर्यंत भार उचलण्याचे मान्य केले.

खात्याने पुढे जे केले ते मला याहूनही शहाणपणाचे वाटते. एप्रिल २०२२ मध्ये त्याने मोटार कंपनीऐवजी सेल तयार करणाऱ्या एलजीचीच चौकशी उघडली. तिच्याकडून सेल घेणाऱ्या पाच मोटार कंपन्या होत्या, आणि १ लाख ३८ हजारांहून अधिक गाड्या त्यांत होत्या. प्रश्न असा की, ज्यांनी ज्यांनी असा माल घेतला, त्यांनी आपापल्या गाड्या नीट बोलावल्या का? वाण्याकडच्या एका पोत्यात खडे निघाले, तर एकाच गिऱ्हाइकाचे तांदूळ बदलून भागत नाही, त्या पोत्यातून कोणाकोणाकडे माल गेला ते विचारावे लागते. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

तिसरी हकिकत आगीची नाही, म्हणून थोडक्यात सांगते. टेस्ला कंपनीच्या मोटारी चालकाला मदत म्हणून बऱ्याचशा आपोआप चालतात, आणि चालकाने लक्ष रस्त्यावर ठेवायचे असते. ते तो ठेवत नाही असे अपघातांवरून दिसल्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये २० लाखांवर गाड्या ‘परत बोलावल्या’. मी अवतरणात म्हणते, कारण गाडी कुठेच न्यायची नव्हती. दुरुस्ती इंटरनेटवरून घरबसल्या झाली. ही सोय मोठीच. पण एप्रिल २०२४ मध्ये सरकारी खात्याने हाही उपाय पुरेसा होता का याची चौकशी उघडली. दुरुस्तीनंतरही अपघात झाले होते, आणि त्या उपायाचा एक भाग असा होता की, तो मालकाने स्वतः निवडला तरच लागू व्हायचा, आणि चालकाला वाटेल तेव्हा तो सहज काढताही यायचा. दाराला कडी बसवून दिली, पण ती लावणे न लावणे घरातल्या दांडगोबावर सोडले, त्यातली गत!

आता आपल्याकडे येऊ. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगावला रस्त्याच्या कडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, त्याचे चित्रीकरण आपण सर्वांनी पाहिले. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीत आणि धुरात वडील आणि त्यांची लहान मुलगी असे दोघे गेले. एप्रिलात नाशिकजवळ कंटेनरमधून चाललेल्या ४० स्कूटरपैकी २० जळाल्या. त्याच महिन्यात ओला कंपनीने १,४४१, ओकिनावाने ३,२१५ आणि प्युअर ईव्हीने २,००० दुचाक्या परत बोलावल्या. केंद्र सरकारने आगींचा तपास संरक्षण संशोधनाच्या अग्निसुरक्षा केंद्राकडे दिला, आणि बॅटरीचे नियम कडक केले; ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. सेल कसा असावा, बीएमएस कशी असावी, चार्जर कसा असावा, आणि एका सेलमध्ये शॉर्ट झाले तर आग पसरते का, हे सगळे त्यांत आले.

पण नियम नव्या गाडीला. दारात जुनी उभी आहे तिचे काय? त्या वेळची काही बोलावणी तपासणीसाठी होती: जोड सैल आहे का, काही इजा आहे का, हे बघण्यासाठी. आपल्या ओळखीत एका घरी अशीच गाडी ‘तपासून’ परत आली. काय तपासले, काय बदलले, असे सूनबाईंनी विचारले, तर हाती आलेल्या कागदावर ‘ठीक’ एवढाच शब्द. गाडी चालते आहे, देव करो आणि चालत राहो. पण ‘ठीक’ म्हणजे काय, हे विचारल्याशिवाय तो कागद फायलीत लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटरीतला भाग बदलला की नुसता कार्यक्रम नवा घातला, आणि बदलला नसेल तर कशावरून बदलायची गरज नाही असे ठरवले, हे लिहून मागावे. कारागीर कंटाळतो, मागे रांग लागलेली असते, बरोबर आलेले पुरुष ‘चल ना आता’ म्हणून खुणावतात. तरी मागावे.

आपल्याला कायद्याचा आधार आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ११०-अ हे कलम घातले गेले, आणि ते १ एप्रिल २०२१ पासून अमलात आहे. ठरावीक प्रमाणात मालकांनी दोष कळवला, किंवा परीक्षण संस्थेने वा आणखी कोणी कळवला, तर केंद्र सरकार त्या जातीच्या गाड्या परत बोलावण्याचा हुकूम कारखानदाराला देऊ शकते. दुरुस्ती, किंवा बदली गाडी, किंवा पूर्ण किंमत परत, असे तिन्ही मार्ग त्यात आहेत. चौकशी अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. सरकारच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावर मालकाला दोष नोंदवता येतो.

यातले ‘ठरावीक प्रमाणात मालकांनी’ हे शब्द ध्यानात ठेवा. आपण तक्रार कोठे करतो? जिन्यात, भाजीवाल्याजवळ, फार तर दुकानदाराशी भांडून. ती कोठेच मोजली जात नाही. आणि दुरुस्तीनंतर पुन्हा काही झाले, गाडी चार्जिंगला असताना वास आला, डबा फुगला, धूर दिसला, तर ‘आधी तक्रार केली होतीच की’ म्हणून बहुतेक जणी गप्प बसतात. खरे तर ही दुसरी तक्रार पहिलीहून मोलाची! देगूत पुन्हा चौकशी झाली ती दुरुस्त केलेली गाडी पेटली म्हणून. ती गाडी दुरुस्त केलेली होती हे कोठे नोंदलेच नसते, तर ती पंधरावी-सोळावी आग म्हणून जमा झाली असती आणि उपाय होता तसाच राहिला असता.

आमच्या सोसायटीत मध्यंतरी ठराव आला होता की, वाहनतळात चार्जिंगच बंद करावे. मला तो पटला नाही. बंदी घातली की लोक बॅटरी काढून वर घरात नेतात आणि दाराशी, चपलांच्या शेजारी लावतात. पेटली तर बाहेर पडायची वाटच अडते. त्यापेक्षा उघड्या जागेत, चांगल्या तारेवर, जिन्यापासून लांब सोय करावी, आणि कोणत्या गाडीला बोलावणे आले आहे, कोणाची दुरुस्ती बाकी आहे, हे चिटणिसांना माहीत असावे. त्यात लपवण्यासारखे काही नाही. आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर आधी हेच विचारावे. बोलावण्याचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते, दुसऱ्याला त्याची खबरही नसते.

चिटणीसबाईंनी माझ्या सांगण्यावरून आज दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. चहाला जाताना, ज्यांच्या घरी विजेची गाडी आहे त्यांनी तीत गाडीची जात, ती घेतल्याचे साल, बोलावणे आले होते का, काय करून दिले, आणि त्यानंतरचा अनुभव, एवढे लिहावे. नाव घालायचे नसेल तर घालू नका. ज्यांना सालही आठवत नाही त्यांनी घरी जाऊन कागद बघावा आणि येत्या शनिवारच्या भजनाला येताना लिहून आणावे. संकेतस्थळावर तक्रार कशी भरायची ते आमच्या शेजारची कॉलेजातली मुलगी त्या दिवशी बसून दाखवणार आहे.